कार्डावरच्या तीन जादा सह्या

आठ दिवसांच्या रजेनंतर ताई कामावर आली, तेव्हा तिच्याच कार्डाने तिला ओळख दाखवली नाही.

ताई पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होती. नोकरीला सव्वीस वर्षं झालेली. प्रत्येक यंत्राचा सकाळचा आणि संध्याकाळचा आकडा ती एका जाड वहीत लिहायची, म्हणून सगळे तिला आकडेताई म्हणत. तिच्या तोंडावरही म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे.

दोन वर्षांपूर्वी कागदावरच्या सह्या बंद झाल्या आणि तपासणी करणाऱ्या प्रत्येकाला एक कार्ड मिळालं. दिसायला बँकेच्या कार्डासारखं, मधोमध सोनेरी चिप. टेबलावरच्या छोट्या रीडरमध्ये ते सरकवायचं, सहा आकडी पिन टाकायचा, की ते रिपोर्टवर सही करायचं, ईमेलवर सही करायचं. शिवाय यंत्रातून निघालेल्या मूळ नोंदींच्या फाइली त्याच्याच नावाने कुलूपबंद व्हायच्या. ते कुलूप त्या एका कार्डाशिवाय कशानेही उघडत नसे, कारण किल्ली कार्डाच्या पोटात होती आणि तिची नक्कल निघत नव्हती. पिन तीनदा चुकला की कार्ड मुकं. मग कॉम्प्युटर विभागातला माणूस त्याच्याकडचा मोठा पिन टाकून नवा पिन देणार. रजेवर जाताना कार्ड घरी न्यायचं नाही, साहेबांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात जमा करायचं, असा नियम होता. ताईने तो पाळला होता.

त्या सोमवारी तिने पिन टाकला. चुकला. चष्मा पुसून पुन्हा टाकला. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा टाकायला ती काही वेडी नव्हती. तिने कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं.

त्याला ऑफिसात रीस्टार्ट म्हणत, कारण प्रिंटर अडो की पंखा, त्याचं पहिलं वाक्य तेच असायचं. पन्नाशीचा, भिडस्त, शर्टाच्या खिशात कायम स्क्रू-ड्रायव्हर. तो दारातच उभा राहिला.

"ताई, मधे एक अपडेट आलं होतं," तो म्हणाला. "पिन नव्याने द्यावे लागले. एकपासून सहापर्यंत टाका, मग तुम्हाला हवा तो करून घ्या."

"सगळ्यांचेच बदललेस?"

"हळूहळू बदलतोय."

ताईने पिन बदलला. मग रोजच्या सवयीने कार्डाची माहिती उघडून वहीत आकडा लिहायला घेतला. कार्ड स्वतः केलेल्या प्रत्येक सहीची मोजणी ठेवतं. सही झाली की आकडा एकने पुढे सरकतो, मागे कधीच येत नाही. यंत्रांच्या आकड्यांबरोबर ताई हाही लिहायची. दुसरं कुणीच लिहीत नसे. रजेवर जायच्या दिवशी वहीत होतं, दोन हजार तीनशे अठरा. आता पडद्यावर होतं, दोन हजार तीनशे एकवीस.

"हे तीन कुठून आले?"

रीस्टार्टने पडद्याकडे पाहिलंच नाही. "अपडेटमुळे होत असेल. त्याकडे नका लक्ष देऊ." एवढं बोलून तो गेलासुद्धा. एरवी त्याला कामाला लावायचं म्हणजे दोन कप चहा पाजावा लागे, आणि गेल्यावर तो स्क्रू-ड्रायव्हर घ्यायला परत येई.

ताईने त्या दिवशी एकाही रिपोर्टवर सही केली नाही.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत एक बाई आल्या. उंच, पायांत धुळीने भरलेले बूट, काखेत फाइल. कारखान्यांच्या वस्तीतल्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. ताईने त्यांना पूर्वी एकदाच पाहिलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी त्या स्वतः पाण्याची बाटली घेऊन आल्या होत्या, शाळेच्या विहिरीचं पाणी पिवळट दिसतंय म्हणून. पलीकडे चामड्याचा कारखाना होता.

"ही सही तुमची ना?" त्यांनी फाइलमधून कागद काढून टेबलावर ठेवला.

ताईने वाचलं. शाळेची विहीर. क्रोमियम मर्यादेत. पाणी पिण्यास योग्य. खाली ताईचा हुद्दा, कार्डाचा क्रमांक, आणि तारीख. ती रजेवर असतानाची तारीख.

"हा रिपोर्ट मी केलेला नाही."

"तुमच्या नावावर आहे. मी तुमच्या मुख्य कार्यालयाच्या साइटवर जाऊन सही तपासली. खरी आहे म्हणून हिरवी खूण आली. ती बघूनच मी नळ सुरू केले." बाईंचा आवाज वाढला नव्हता. "तोवर मी बंद ठेवले होते. पंधरा दिवस मुलं घरून पाणी आणत होती. पालक मला म्हणत होते, बाई उगाच बाऊ करतात. मग ईमेलने तुमचं पत्र आणि हा कागद आला. आज चौथीतल्या बावीस मुलांच्या तोंडात फोड आहेत. दोघी मुली दवाखान्यात आहेत."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या विहिरीचं पाणी तिने रजेच्या आदल्या दिवशीच तपासलं होतं. मर्यादा शून्य पूर्णांक पाच शतांश. विहिरीत निघालं होतं शून्य पूर्णांक बासष्ट. बारा पट. तिने तीनदा यंत्र लावलं होतं आणि तिन्ही वेळा तेच. ती तशीच साहेबांकडे गेली होती. साहेब म्हणाले होते, एवढा मोठा आकडा आहे, घाई नको, मी पुन्हा नमुना मागवतो, तुम्ही आईचं ऑपरेशन उरका.

"पाणी वाईट होतं," ताई म्हणाली. "मला माहीत होतं."

"माहीत होतं आणि मला फोन केला नाहीत?"

"सही झाल्याशिवाय बाहेर बोलायचं नाही, असा नियम आहे."

"मग नियमाने फोड आले म्हणायचं," बाई म्हणाल्या. नळ बंद करायला त्यांनी सकाळीच सांगितलं होतं. आता त्या दवाखान्यात निघाल्या होत्या. कागद टेबलावरच राहिला.

ताई साहेबांच्या खोलीत गेली ती दार न वाजवता. साहेब संत्रं सोलत होते. त्यांची एक पद्धत होती: समोरचा जितका तापलेला, तितका यांचा आवाज मऊ.

"बसा. आई कशा आहेत?"

"माझ्या कार्डाने सही कुणी केली?"

"अहो, तुमच्याच कामाचा रिपोर्ट. दुसरा नमुना चांगला आला. वरून रोज फोन येत होते."

"दुसरा नमुना कुणी घेतला?"

"नोंदीप्रमाणे तुम्ही."

"मी दवाखान्यात होते."

साहेबांनी संत्र्याच्या फोडीवरचा धागा काढला. "तुम्ही मला फोनवर पिन सांगितलात. म्हणालात, साहेब, तुम्हीच करून टाका. आता मुलं आजारी पडल्यावर तुम्ही हात वर करताय. मी समजू शकतो, घाबरल्या असाल. पण नियम तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला पाठ आहे. कार्डाने केलेली सही कार्ड ज्याचं त्याची. आणि पिन सांगणं हा तर बडतर्फीचा गुन्हा."

सव्वीस वर्षांत ताईने या माणसाच्या हाताखाली अकरा वर्षं काढली होती. तो आळशी आहे हे तिला माहीत होतं. कारखानदारांच्या गाडीतून फिरतो हेही माहीत होतं. पण तोंडावर, डोळ्यांत डोळे घालून, संत्रं खाता खाता असं खोटं बोलेल हे तिला माहीत नव्हतं. तिला वाटलं, टेबलावरचं सगळं उचलून खिडकीबाहेर टाकावं. ती म्हणाली, "मी तुम्हाला फोन केला नाही. एकदाही नाही." तिचाच आवाज तिला बारीक वाटला, आणि त्याचाही राग आला.

तिथून ती रीस्टार्टच्या खोलीत गेली. जिन्याखालची बुटकी खोली, मोडके प्रिंटर, वायरींची भेंडोळी. तो खाली मान घालून कीबोर्ड झाडत होता.

"मोठा पिन कुणी टाकला?"

तो कीबोर्ड झाडतच राहिला.

"मी पिन सांगितला असता तर तुला बदलावा कशाला लागला असता? माझा पिन कुणालाच माहीत नव्हता, म्हणून तू मोठा पिन टाकलास आणि नवा दिलास. हो की नाही?"

"ताई, साहेबांनी कार्ड आणून दिलं. म्हणाले, ताईंचा निरोप आहे. मी पिन दिला आणि खोलीबाहेर गेलो. पुढे काय केलं ते मी बघितलं नाही."

"हे लिहून दे."

"मला दोन वर्षं राहिलीत, ताई."

"त्या मुलींची किती राहिलीत ते विचारलंस का?"

त्याने कीबोर्ड उलटा केला. त्यातून बिस्किटांचा चुरा पडला. तो चुरा तो हाताने गोळा करत बसला. ताई निघून गेली. साहेबांचा राग आला होता तो वेगळा. हा त्याहून वाईट होता, कारण या माणसाबरोबर तिने कितीदा डबा खाल्ला होता.

घरी आई पलंगावर उशांना टेकून बसली होती. आई जन्मभर नर्स होती; कमरेचं हाड बसवून आठ दिवस झाले नव्हते तोच फिजिओथेरपीवाल्याला व्यायाम शिकवत होती. ताईने पिशवी टाकली आणि झालेलं सगळं एका दमात सांगितलं.

"थांब," आई म्हणाली. "माझं हाड बसवत होते तेव्हा तू ऑफिसात बसून सह्या करत होतीस, असं तो म्हणतो?"

"मी पिन सांगितला असं म्हणतो."

"कुठून सांगितलास? त्या वॉर्डात फोन लागतो का? तू जिन्यात जाऊन दादाशी बोलायचीस, तेही भांडल्यासारखी ओरडून." आईने पांघरूण झटकलं. "रडू नकोस. रडायला लागलीस की तुला नीट विचार करता येत नाही, लहानपणापासून."

"मी रडत नाहीये. मला त्याचा गळा धरावासा वाटतोय."

"गळा नंतर. आधी सांग, पहिल्या तपासणीचा आकडा कुठे आहे? तोंडी तर तो काहीही म्हणेल."

ताईने वर पाहिलं. मूळ नोंदींची फाइल. यंत्राच्या तिन्ही वेळच्या रेघा, वेळेसकट. तिच्या कार्डाच्या कुलपात. ती फाइल साहेबांनी उघडून पाहिली असेल, पण पुसता आली नसणार. कॉम्प्युटरवरच्या नोंदींच्या साठ्यातून पुसायचा अधिकार फक्त मुख्य कार्यालयाला होता. ती तिथेच होती. आणि कार्ड हातातून गेलं, तर कायमची तिथेच राहणार होती, कुणालाही न दिसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर पत्र होतंच. पिनच्या गैरवापराच्या संशयावरून कार्ड बारा वाजेपर्यंत जमा करावं. ते नष्ट करण्यात येईल. खाली साहेबांची सही. घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं.

ताईने खोलीचं दार आतून लावलं. सहकाऱ्यांपैकी दोघांनी काचेतून डोकावलं आणि कामाला लागले. तिने कार्ड सरकवलं, पिन टाकला, फाइल उघडली. शून्य पूर्णांक बासष्ट. तीनदा. बोटांवर घाम आला होता, म्हणून तिने हात अंगातल्या पांढऱ्या कोटाला पुसले. मग वहीची ती दोन पानं काढली, रजेच्या आधीचं आणि कालचं, आणि दोन्हींचे फोटो घेतले. रजेआधीच्या पानाखाली साहेबांची आडवी सही होती. वही दर आठवड्याला त्यांच्याकडे जायची आणि ते न वाचता सही करायचे.

मुख्य कार्यालयाला लिहायचं, तर ऑफिसातून जाणारी प्रत्येक ईमेल साहेबांच्या पडद्यावर दिसायची. म्हणून तिने पत्राला मुख्य कार्यालयाच्या किल्लीचं कुलूप लावलं. आता ते तिथल्याशिवाय कुणालाही वाचता येणार नव्हतं. पत्र छोटं होतं. शाळेच्या विहिरीचा रिपोर्ट माझा नाही. खऱ्या नोंदी सोबत आहेत. माझ्या गैरहजेरीत या कार्डाने तीन सह्या केल्या आहेत: बनावट नमुन्याची नोंद, रिपोर्ट आणि शाळेला गेलेलं पत्र. या कार्डाची ही दोन हजार तीनशे बाविसावी सही आहे आणि ती मी स्वतः करते आहे. यापुढे हे कार्ड रद्द समजावं.

तिने पिन टाकला. पत्र गेलं.

मग तिने खऱ्या नोंदींचा कागद छापला आणि मुख्याध्यापिकांना मोबाइलवरून फोन लावला. "लिहून घ्या," ती म्हणाली, आणि आकडा सांगितला. "आणि हे दवाखान्यातल्या डॉक्टरांना आत्ता सांगा. छापलेला कागद मी घेऊन येते."

"तुमचा नियम?" बाईंनी विचारलं.

"मोडला."

बारा वाजता साहेबांनी दारावर टकटक केली. ताईने कार्ड त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांना वाटलं होतं ती गयावया करेल, निदान भांडेल तरी. ती काहीच बोलली नाही, तेव्हा त्यांनी एकदा कार्डाकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ राहिला नाही. "काय केलंत आतमध्ये?"

"काम," ताई म्हणाली आणि पर्स उचलून दवाखान्यात गेली.

चौकशीला मुख्य कार्यालयातून एक अधिकारी बाई आल्या. सर्दीने बेजार, हातात रुमाल, बोलणं तुटक. प्रयोगशाळेच्या सभाखोलीत एका बाजूला साहेब, एका बाजूला ताई, आणि भिंतीशी खुर्चीवर रीस्टार्ट. साहेबांनी फोनची गोष्ट पुन्हा सांगितली, आणखी तिखटमीठ लावून. अधिकारी बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि नाक पुसलं.

"यांनी तुम्हाला पिन सांगितला. बरोबर?"

"बरोबर."

"मग तो बदलावा का लागला?"

"अपडेट होतं."

"अपडेटने पिन बदलत नाही. पिन कार्डाच्या आत असतो, अपडेट तिथवर पोचत नाही." त्या रीस्टार्टकडे वळल्या. "मोठा पिन तुमच्याकडे असतो. त्या आठवड्यात कितीजणांचे पिन बदललेत?"

रीस्टार्ट उठून उभा राहिला. त्याला कुणी उभं राहायला सांगितलं नव्हतं.

"एकाचाच," तो म्हणाला. "ताईंचा. साहेबांनी कार्ड आणून दिलं होतं. ताईंचा पिन त्यांना माहीत नव्हता. मला तेव्हाच कळलं होतं. आणि मी गप्प बसलो."

साहेबांना त्याच दिवशी घरी पाठवलं. पुढे त्यांच्यावर खटला उभा राहिला, तो अजून चालू आहे. त्यांचा वकील म्हणतो की साहेबांची तब्येत नाजूक आहे. कारखान्याचं सांडपाणी बंद झालं, म्हणजे निदान त्या बाजूचं बंद झालं. रीस्टार्टची एक वेतनवाढ गेली, नोकरी राहिली. तो एकदा ताईच्या दारात येऊन उभा राहिला होता. ताई म्हणाली, "काही बिघडलेलं नाही माझ्याकडे," आणि त्याला जाऊ दिलं. त्याने खरं सांगितलं हे तिला कळत होतं. ते सोळा दिवस उशिरा सांगितलं हेही कळत होतं. दोन्हींची बेरीज करायला ती अजून तयार नव्हती.

त्या मुलींपैकी एक आठवड्यात घरी गेली. दुसरीला महिना लागला. हे पाण्यामुळेच झालं असं डॉक्टर लिहून द्यायला तयार नव्हते. शक्यता आहे, एवढंच लिहिलं. ताईने तो कागद दोनदा वाचला आणि तिच्या अंगाची पुन्हा लाही झाली. डॉक्टरवर नाही, कुणा एकावर नाही. रजेच्या आदल्या दिवशी आकडा सांगून ती साहेबांच्या खोलीतून निघाली होती, तेव्हा खाली रस्त्यावर दोन मिनिटं उभी राहून एक फोन करू शकली असती. आई म्हणायची, आता ते उगाळू नकोस. ताई उगाळायची.

ताईला नवं कार्ड मिळालं. मोठा पिन आता कुणा एकाकडे नव्हता. तो दोन तुकड्यांत दोघांकडे होता आणि कार्ड ज्याचं, तो समोर असल्याशिवाय टाकायचा नाही असं ठरलं. शाळेला टँकरने पाणी येऊ लागलं आणि त्या टँकरचा नमुना दर आठवड्याला ताईकडे येऊ लागला.

पहिला रिपोर्ट तिने सही करून पाठवला, त्याला तासही झाला नसेल. मुख्याध्यापिकांचा फोन आला.

"रिपोर्ट मिळाला," त्या म्हणाल्या. "हिरवी खूणही आली."

"मग बरंच झालं."

"बरं कसलं. मागच्या वेळीही आली होती." पलीकडून मुलांचा गलका ऐकू येत होता, कुठेतरी बाक सरकल्याचा आवाज आला. "सही जाऊ दे. तुम्ही स्वतः तपासलंत का?"

ताईला राग यायला हवा होता. सव्वीस वर्षांत तिला असं कुणी विचारलं नव्हतं.

"मी स्वतः तपासलं," ती म्हणाली. "सकाळी साडेनऊला. दोनदा."

"आकडा सांगा."

ताईने सांगितला. बाईंनी तो मोठ्याने म्हणून लिहून घेतला, आणि मग फोन न ठेवताच कुणाला तरी हाक मारून सांगितलं की पिंप भरायला घ्या.